न चाखलेले हॅम्बर्गर

अमेरिकेतला सगळ्यात चांगला हॅम्बर्गर कुठे मिळतो ते मी सांगणार आहे, आणि मी आजवर एकही हॅम्बर्गर खाल्लेला नाही. हे ऐकून कुणाला वाटलं की हा गडी थापा मारतोय, तर त्यानं खुशाल इथंच थांबावं. पण ज्याचा जन्म चुलीपुढं गेला त्याला पदार्थ कळायला तो तोंडातच घालावा लागतो असं नाही. तव्यावरचा आवाज ऐकला आणि खाणाऱ्याचं तोंड बघितलं की अर्धा निकाल लागतो. उरलेला अर्धा करणाऱ्याच्या मनगटात असतो.

मी सोलापुरात एका गिरणीच्या दारात मटणाची खानावळ चालवतो. नाव मारुती. बाप सांगोल्याकडं मेंढरं राखायचा, म्हणून मटणातलं मला बरं कळतं. शिक्षण मराठी चौथी. गिरणीतले विणाई खात्याचे नरसय्या मास्तर बारा वर्षं दुपारचं जेवण माझ्याकडं घेत होते. घरी तेलुगू बोलणारा, मोजकं खाणारा, मोजकं बोलणारा माणूस. पोट इतकं नाजूक की परक्या ठिकाणी चहा घेतला तरी दोन दिवस आडवे. मालकांनी त्यांना नवे माग बघायला आणि धोट्याचं लाकूड ठरवायला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "मारुती येत असेल तर जातो. नाहीतर लाकूड येईल, मी येणार नाही." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो.

अशा रीतीनं मी स्वयंपाकी म्हणून निघालो. बरोबर ज्वारीच्या पिठाचे दोन डबे, शेंगाचटणी, लाल मिरच्या, लोखंडी तवा आणि स्टो.

निघायच्या आदल्या दिवशी तात्या आले. हे माझे चुलत चुलते आणि आमच्या जातीतले पंच. खानावळीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "जा. आमी आडवत न्हाय. पन तितं समदे गाय खात्यात म्हनं. परत आल्यावर बाळ्याच्या खंडोबाम्होरं बेलभंडारा उचलायचा. मग तुझ्या हातची पंगत घालायची. आमी जेवलो की तू आमच्यातला. न्हाय जेवलो तर न्हाय."

बाळे म्हणजे सोलापूरला लागूनचं खंडोबाचं गाव. बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ओंजळीत घेऊन माणूस खोटं बोलला तर त्याचं घर बसतं असं आमच्यात मानतात. मी तर खानावळवाला. माझं गिऱ्हाईक म्हणजे गावाकडून गिरणीत आलेली आमचीच माणसं. त्यांनी माझ्या हातचं सोडलं तर मी करणार काय? पुन्हा मेंढरांमागं जायचं वय राहिलं नव्हतं. बायको यशोदा एवढंच म्हणाली, "तोंडावर ताबा ठिवा. तुमाला दिसलं की चाखायची खोड हाय."

न्यूयॉर्क

आगबोटीवरच्या उलट्यांचं वर्णन मी करत नाही, ते कुणालाच नको असतं. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा कस्टमवाल्यानं ज्वारीच्या पिठात हात घातला, वास घेतला, बोटाला लागलेलं चाटलं आणि आमच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. इंग्रजी मी गिरणीच्या दारात ऐकून आणि आगबोटीच्या भटारखान्यात गोव्याच्या माणसांकडून शिकलो होतो. ते पोटापुरतं होतं.

मास्तर सकाळी कचेऱ्यांत जायचे. मला संध्याकाळपर्यंत काम नसे. मग मी फेटा बांधून रस्ते धरायचो. तिसऱ्या दिवशी एका लांबट दुकानापुढं थबकलो. आत उंच, पाठ नसलेल्या गोल बैठका ओळीनं, पुढं फळी, आणि फळीपलीकडं एक माणूस तापलेल्या लोखंडी पाट्यावर खिम्याचे गोळे दाबत होता. गोळा टाकला, उलथन्यानं चपटा केला, उलटला, गोल पावाच्या पोटात घातला, दिला. असे चार एकदम. मी कपाळाला हात लावला. अहो, हा तर खिमापाव! फक्त मसाला नाही, मीठ नावापुरतं, आणि खिमा गाईचा.

त्याला हॅम्बर्गर म्हणतात हे तिथंच कळलं. मी आत जाऊन एक काळी कॉफी घेतली आणि बघत बसलो. एक गोष्ट पहिल्यांदा सांगतो. गोरा माणूस काट्याचमच्यानं खातो हे आपण इथं बसून मानतो ते तितकंसं खरं नाही. हा पदार्थ तो दोन्ही हातांनी धरून खातो. डावा हातसुद्धा! खाण्याआधी हात धुवत नाही, खाल्ल्यावरही नाही, कागदाला पुसतो आणि टोपी घालून चालायला लागतो. शेजारच्याला या म्हणायची पद्धत नाही. पंगत नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडं इतक्या घाईत फक्त गिरणीकामगार जेवतो, पण तोही पहिला घास घेण्याआधी शेजाऱ्याच्या पानाकडं बघतो.

त्या माणसाची चूक मला पाच मिनिटांत कळली. तो गोळा पुन्हा पुन्हा दाबत होता. दाबला की चुर्र आवाज येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं, पण रस सगळा पाट्यावर जातो आणि मागं राहतो भुसा. खाणारे तांबडी चटणी ओतून ओतून तो भुसा गिळत होते. संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय करायचंय? तुला खायचंय का?"

"खायचं न्हाय मास्तर. पन चुकतंय ते चुकतंयच की."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्या दिवसापुरता विषय संपला.

मॅसॅच्युसेट्समधलं एक गिरणीचं गाव

इथं विटांच्या लांबच लांब गिरण्या नदीकाठानं उभ्या आहेत. त्यातल्या निम्म्या बंद. मंदीनं तिकडं काय केलंय ते दारातल्या गवतावरून कळतं. उरलेल्या गिरण्यांत एक विणकर वीस-वीस माग सांभाळतो, असं मास्तरांनी येऊन सांगितलं. सोलापुरात एका माणसाकडं दोन माग. उरलेली माणसं कुठं जातात, असं मी विचारलं. "बाहेर," ते म्हणाले.

आम्ही एका विधवा पोलंडवाल्या बाईच्या घरात खोली घेतली होती. स्वयंपाकघर वापरायची परवानगी होती. पहिल्याच दिवशी मी लाल मिरच्या आणि लसूण तव्यावर परतला. खिडक्या थंडीमुळं बंद. ठसका जिन्यानं वर गेला तशी वरची सहा माणसं खोकत, डोळे पुसत रस्त्यावर आली. एकजण पायात मोजे घालून बर्फात उभा. बाईला वाटलं आग लागली. मी तवा घेऊन बाहेर आलो आणि दाखवला, तेव्हा ती जे पोलंडच्या भाषेत बोलली ते मला अक्षर न कळता सगळं कळलं. त्यानंतर माझा स्वयंपाक मागच्या अंगणातल्या छपराखाली.

गिरणीच्या दारात एक जुनी घोड्याची गाडी चाकं काढून कायमची उभी केली होती. तिच्या पोटात ग्रीस देशातला एक मिशाळ माणूस हॅम्बर्गर करायचा. याचा हात न्यूयॉर्कवाल्यापेक्षा बरा होता. कांदा आधी भाजायचा, मग त्यावर गोळा. फक्त घाई फार. आतला खिमा तांबडाच असताना पावात जायचा. मी रोज जाऊन बसतो आणि खात नाही हे त्याला सहन होईना. कारण सांगितल्यावर तो खूष झाला. म्हणाला, "अरे, आमच्या देशात आम्ही बकरंच खातो! उद्या तुझ्यासाठी मेंढराचा करतो."

खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं. दीड महिन्यात नखाएवढं मटण बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं खरोखरच मेंढराचा खिमा आणला, मला वास दिला. वास अस्सल होता. मग तो गोळा त्यानं उचलला आणि त्याच पाट्यावर टाकायला निघाला.

"थांब, थांब! ह्याच्यावर?"

"खरवडून घेतो ना," तो म्हणाला आणि उलथन्यानं पाटा खर्र करून दाखवला.

मी हात जोडले. तो चिडला, मग तो हॅम्बर्गर स्वतःच खाल्ला, माझ्याकडं बघत, सावकाश. एवढी शिक्षा मला त्या प्रवासात दुसऱ्या कुणी केली नाही.

शिकागो

इथं आम्ही चारच दिवस होतो. गावाच्या एका अंगाला जनावरांचे बाजार आहेत, कोसभर तरी पसरलेले. वारा तिकडून आला की सगळ्या गावाला कळतं. मी एकदा बघायला गेलो. मेंढपाळाच्या पोराला कापाकापीचं भय नसतं. बकरं मी स्वतः कापतो. पण आम्ही एक कापतो तेव्हा ते कुणाचं, कुठल्या खांडातलं, म्हणजे कळपातलं, हे ठाऊक असतं. इथं सकाळपासून गाड्या रिकाम्या होत होत्या आणि मोजायला मुनीम होता. जनावरांचे डोळे मात्र आपल्याकडच्यासारखेच. मी लवकर परत आलो.

हॅम्बर्गर तिथं ताटाएवढे. बरोबर तळलेला बटाटा. मांस चांगलं असूनही चव चांगली असेल असं खाणाऱ्याच्या तोंडावरून वाटलं नाही. खाताना ते वर्तमानपत्र वाचत होते. खाताना दुसरं काही सुचतंय म्हणजे पदार्थ फसलाय.

त्याच रस्त्यावर थोडं पुढं फुकटच्या रश्शासाठी रांग लागलेली. कोट, टोप्या, बूट सगळं नीट, आणि हातात पत्र्याचं भांडं. मास्तर म्हणाले, "हे वीस मागांच्या बाहेरचे."

टेनेसी

धोट्याचं लाकूड इथलं. एक टणक, काळसर झाड या भागात होतं. त्याचा धोटा वर्षभर मार खातो आणि सूत तोडत नाही. गाव लहान. कापसाची शेतं, धूळ, ऊन, आणि लाकूड कापायचा एक कारखाना. उतरल्यावर पहिल्यांदा मला घराजवळ आल्यासारखं वाटलं.

पण इथली एक रीत सांगायला हवी. हॉटेलांना दोन दारं. पुढचं गोऱ्यांना, मागची खिडकी काळ्यांना. आम्ही कुठले? फेटा बांधून गेलो तर परदेशी पाहुणे म्हणून पुढून बसवलं. दुसऱ्या दिवशी उकाड्यानं फेटा काढून गेलो तर त्याच माणसानं मागं जा म्हणून बोट दाखवलं. मास्तर रागानं तडक बाहेर पडले. मला राग आला आणि त्याबरोबर आमच्याकडच्या चहाच्या हॉटेलांबाहेर खिळ्याला टांगलेल्या वेगळ्या कपबश्या आठवल्या. माझ्या खानावळीतही एक कोपरा वेगळा होताच. 

शेवटी कारखान्यानं आम्हाला एल्सी नावाच्या काळ्या बाईच्या घरात मागची खोली दिली. पन्नाशीची, अंगानं आडवी, बोलायला फटकळ. कारखान्याच्या दारात तिचं फळ्यांचं खोपट होतं. दुपारी ती तिथं कामगारांना हॅम्बर्गर करून घालायची. आणि वाचकहो, निकाल मी तिथं दिला. सकाळी खिमा ती स्वतः हाताच्या यंत्रातून काढायची. गोळा घट्ट वळायची नाही, जेमतेम जमवायची. खाली पातळ चिरलेला कांदा, वर गोळा, दाबायचा तो एकदाच आणि उलटायचा तोही एकदाच. मीठ पाट्यावर असताना. पावाची झाकणं वर ठेवून द्यायची, म्हणजे वाफ त्यांत शिरते. तिच्या खिडकीपुढं माणसं पहिला घास घेतल्यावर बोलायची थांबायची. दोन दिवस मी हे बघितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,

"खात नाहीस आणि बघतोस काय? नजर लावतोस का?"

"मी पण हेच काम करतो. गिरणीच्या दारात."

"मग खाऊन सांग ना कसं झालंय."

मी कारण सांगितलं. घरी बेलभंडारा उचलायचा आहे तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू खाल्लंस तर तुझी माणसं तुझ्याकडं जेवायची नाहीत?"

"नाही."

"मग नुसतं बघ," ती म्हणाली. संध्याकाळी मी केलेली भाकरी आणि शेंगाचटणी तिनं खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते झालं. भोंगा वाजायला थोडा अवकाश होता. एल्सी चरबीचं भांडं उचलत होती, त्याचा कान निसटला आणि उकळती चरबी तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गेली. ती ओरडली नाही, खाली बसली. मी पिंपातल्या पाण्यात तिचा हात धरला. कातडी सुटत होती. तेवढ्यात भोंगा झाला.

भोंगा सोलापूरचा काय आणि टेनेसीचा काय, सारखाच. चाळीसएक माणसं भुसा झटकत येऊन रांगेत उभी राहिली. अर्ध्या तासाची सुट्टी. आमच्याकडंही अर्धाच तास. त्या अर्ध्या तासात माणसाच्या पोटात पडलं तर पडलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत उभ्यानं काम. हे मला कुणी समजवायला नको. बारा वर्षं मी त्याच अर्ध्या तासावर जगलो. पाटा तापलेला होता, खिमा काढलेला होता, खिडकीपुढं माणसं होती आणि चुलीपुढं कुणी नव्हतं.

मी उलथनं उचललं.

विचार केला असं म्हणालो तर ते खोटं होईल. हात लागले कामाला. तिच्यासारखंच केलं. कांदा, गोळा, एकदा दाब, एकदा उलट. एल्सी पिंपाशी बसून नुसती मान हलवत होती. पहिल्या दहा जणांनंतर मला वाटलं काहीतरी कमी पडतंय. न चाखता अंदाज घ्यायची आम्हाला सवय असते, देवाचा नैवेद्य आम्ही कधी चाखत नाही. खिशात चटणीची पुडी होती. ती सोडली आणि चिमूट चिमूट टाकत गेलो. एक म्हातारा खाऊन रांगेच्या शेवटी पुन्हा येऊन उभा राहिला. म्हणाला, "तीस वर्षं एल्सीचं खातोय. हे तिला शिकव." ती पिंपाजवळून त्याला काहीतरी झणझणीत बोलली. सगळे हसले, मीही हसलो. इतका आनंद मला घर सोडल्यापासून झाला नव्हता.

दुसरा भोंगा झाला, माणसं गेली, आणि मी माझ्या हातांकडं बघितलं. नखांत तांबडं होतं. सदऱ्यावर चरबीचे शिंतोडे. तेव्हा कुठं मला कळलं मी काय केलं ते.   मी त्या खोपटात जमिनीवर बसलो आणि भ्यालो, हे सरळ सांगतो.

एल्सी म्हणाली, "आता तरी एक खा. हातानं केलं, मग तोंडानंच काय घोडं मारलंय?"

मी खाल्लं नाही. शेतातल्या मातीनं हात चोळले, राखेनं चोळले, अंघोळ केली, सदरा धुतला. संध्याकाळी मास्तर आले. मी भाकरी थापायला बसलो. आमटी, भाकरी, चटणी वाढली. मास्तरांनी पहिला तुकडा मोडला, थोडा वेळ हातात धरला आणि खाल्ला. दोन भाकरी खाल्ल्या. "आज चांगली झालीय," म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

परत

लाकूड ठरलं. माग घ्यायचे की नाही ते मालकांवर सोडलं. येताना आगबोटीवर मी एकच हिशोब घोळवत होतो. तात्या विचारणार, खाल्लं का? मी म्हणणार, नाही. त्यात खोटं काही नाही. शिजवलंस का, असं जगात कोण विचारतो?

सोलापूरला उतरलो तेव्हा खानावळीची अवस्था बघितली. यशोदेनं चूल चालू ठेवली होती, पण निम्मे पाट रिकामे. माझ्या माघारी कुणीतरी उठवलं होतं की मारुती तिकडं रोज गाय खातो. लोक बघू म्हणून थांबले होते. येत्या रविवारी बाळ्याला पंगत ठरली. दोन बकरी मी स्वतः कापली. देवळापासून लांब, लिंबाखाली चुली मांडल्या आणि सकाळपासून रस्सा मीच केला. मास्तर पाहुणे म्हणून आले होते. ते आमच्या जातीचे नव्हेत, म्हणून एका बाजूला बसले.

खंडोबापुढं तात्यांनी बेलाचं पान आणि भंडारा माझ्या ओंजळीत घातला. "म्हन, गाईचं मांस तोंडाला लावलं न्हाय."

मी म्हणालो. आवाज कापला नाही. येळकोट झाला, भंडारा उधळला, माणसांनी पाठीवर हात मारले. पंगत बसली. पन्नाससाठ पत्रावळी. मी पातेल्यात ओगराळं बुडवलं आणि पहिल्या पानापुढं, तात्यांच्या पुढं, वाकलो. तात्यांनी पत्रावळ सारखी केली. भुकेलेला म्हातारा माणूस, सकाळपासून काही न खाल्लेला, माझ्या हाताकडं बघत होता.

माझा हात पुढं जाईना.

"तात्या," मी म्हणालो, "खाल्लं न्हाय. पन शिजीवलं. चाळीस मानसांना करून घातलं, ह्याच हातानं."

शेजारची बोलणी थांबली. तात्यांनी वर बघितलं. "आमी इचारलं व्हतं का?"

"न्हाय."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुमी माझ्या हातचं जेवनार म्हून."

 तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी पत्रावळ पालथी घातली. त्यांना राग आलेला दिसला नाही. थकलेले दिसले. ते उठले तशी रांग उठली. पालथ्या पत्रावळींचा आवाज फार नसतो, पण मला तो सगळा ऐकू आला. मी ओगराळं धरून तसाच उभा.

"मारुती," बाजूनं मास्तर म्हणाले, "वाढ. किती वेळ झाला."

तात्या वळले. "मास्तर, तुमी ऐकलं न्हाय व्हय हा काय म्हनला ते?"

"मला तेव्हाच ठाऊक होतं. त्या दुपारी कारखान्यात सगळे तेच बोलत होते, फेटेवाल्यानं काय खाऊ घातलं म्हणून. संध्याकाळी याच्या हातची भाकरी पुढं आली, ती मी खाल्ली. त्यानंतर इथं पोचेपर्यंत रोज खाल्ली."

मी मास्तरांकडं बघतच राहिलो.

"आनि तुमच्या समाजात कळलं तर?" तात्यांनी विचारलं.

"कळेल की. आता तुम्ही ऐकलंत."

"बोलला का न्हाईत मग?"

"भूक लागली होती," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या पानात वाढलं. त्यांनी भाकरी कुस्करली आणि मान खाली घालून जेवायला लागले. आमची माणसं लांब, देवळाच्या पायरीकडं उभी राहून बघत होती. कुणी जातही नव्हतं, कुणी येतही नव्हतं. एवढ्यात चुलीमागून यशोदा आली. हात पदराला पुसले, एक पालथी पत्रावळ उचलली, सरळ केली, आणि त्या रिकाम्या रांगेत, पुरुषांच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसली.

"मलाबी वाढा," ती म्हणाली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. गिरणीच्या अख्ख्या पाळीला मी जेवू घातलं असेल, पण तिच्या पानात वाढायची माझी ती पहिलीच वेळ. रस्सा सांडला थोडा बाहेर.  तिनं भाकरी मोडली, पोटभर जेवली आणि पत्रावळ पुन्हा पुढं केली.